हरसूल, अनुक्रमांक सदतीस

२१ नोव्हेंबर २००६

कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, रोज काहीतरी लिहा, काहीही लिहा. त्याला अडीच महिने झाले. आज लिहितेय, कारण दुपारी तीन तास लाइट नव्हती आणि ऑफिसात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. डायरी द्राक्षाच्या औषधवाल्याने दादाला दिलेली. प्रत्येक पानाखाली भुरी रोगावर काय मारायचं ते छापलंय.

तर, मी सरिता. वय चौतीस. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एका जिन्यावरच्या ऑफिसात डेटाबेसचं काम करते. आम्ही पाच जण. ४ सप्टेंबरला माझा घटस्फोट झाला, संमतीने. इंदिरानगरला आईकडे राहते. तब्येत ठीक आहे. झोप लागते, जेवण जातं.

सध्याचं काम सिकलसेलचं. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येतो, इकडे पश्चिमेच्या डोंगरात जास्त. एका संस्थेने पेठला आणि हरसूलला शिबिरं घेऊन रक्त तपासलं. निकाल आम्ही साठवतो आणि माणशी एक कार्ड छापून देतो. पांढरं कार्ड म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे स्वतःला त्रास नाही, पण दोष अंगात आहे. लाल म्हणजे आजारी. दोन पिवळ्यांनी लग्न केलं तर मूल लाल निघू शकतं. म्हणून तिकडे आता सुपारी फोडायच्या आधी दोन्हीकडची कार्डं ताटात ठेवतात.

संस्थेचा हिरामण आज येऊन गेला. तो हरसूलचाच, मोटरसायकलवरून नमुने आणि कार्डं ने-आण करतो. म्हणाला, "मॅडम, तुमच्या कार्डानं काम केलं. आमच्याकडची आशा, मंगळूची पोरगी. पेठकडच्या मनोजशी जमलं होतं, दोन वर्षांपासून. ताटात कार्डं ठेवली तं दोन्ही पिवळी. लग्न मोडलं." ज्ञानेश सर, म्हणजे आमचे मालक, खूश झाले. "याला म्हणतात काम!" म्हणाले आणि सगळ्यांना चहा सांगितला.

मी विचारलं, मुलगी काय म्हणाली? "काय म्हणणार? खळ्यावर बसून राहिली दिवसभर."

मी म्हटलं, सुटली बिचारी. हिरामण हसला नाही.

२७ नोव्हेंबर

ज्ञानेश सरांनी विचारलं, ईमेलमध्ये तुझं आडनाव आता कुठलं ठेवायचं? म्हटलं, नुसतं सरिता ठेवा. ते म्हणाले, तसं चालत नाही, रकाना रिकामा राहतो. म्हटलं, राहू दे.

आईने शेवयांची खीर केली. का, ते विचारलं नाही.

४ डिसेंबर

संस्थेच्या डॉक्टरबाईंचा फोन. हरसूलजवळच्या पाड्यावर सहादू म्हणून आहे, त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सांधे धरून रडतो, ताप येतो, डोळे पिवळे. बाई म्हणाल्या, "सरिता, मी डोळे मिटून सांगते हा मुलगा लाल आहे, आणि तुमचं कार्ड पांढरं म्हणतंय. मी पुन्हा रक्त तपासलं. लालच आहे."

म्हटलं, टायपिंगची चूक असेल, बघते. छायाला सगळ्यांसमोर झापलं. छाया आमच्याकडे फॉर्म टाइप करते, अंबडहून सायकलवर येते. ती उठली, फाईल काढली, फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. हरसूल, अनुक्रमांक एकशे बारा, लाल. मग स्क्रीनवर तक्ता उघडून दाखवला. तिथेही लाल. फक्त कार्ड पांढरं.

म्हणजे टाइप बरोबर, साठवलेलं बरोबर, आणि छापायच्या मध्ये कुठेतरी रंग बदलला. तो मधला भाग मी लिहिलेला आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. छायाला सॉरी म्हटलं नाही. उद्या म्हणेन.

५ डिसेंबर

सापडलं. साडेदहाला बसले, पावणेअकराला सापडलं. इतकं समोर होतं.

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. डेटाबेसच्या आत मी एक फंक्शन ठेवलंय. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, शिबिराचं नाव आणि अनुक्रमांक. ते तक्त्यात त्या माणसाची ओळ शोधतं आणि त्याच्या निकालाचा रंग बाहेर देतं. दोन्ही द्याव्या लागतात, कारण प्रत्येक शिबिराचे क्रमांक एकपासून सुरू होतात. सदतीस नंबर पेठलाही आहे आणि हरसूललाही.

आता, फंक्शनला दिलेल्या गोष्टीला मी 'शिबिर' नाव दिलं, आणि तक्त्यातल्या रकान्याचं नावही 'शिबिर'च. मग लिहिलं की जिथे शिबिर बरोबर शिबिर असेल ती ओळ आण. मला म्हणायचं होतं, रकान्यातलं शिबिर मी दिलेल्या शिबिराएवढं आहे का. यंत्राने दोन्हीकडे मी दिलेलंच धरलं. हरसूल बरोबर हरसूल आहे का? आहे. पेठच्या ओळीवर उभं राहून विचारलं तरी आहेच. मग त्याने त्या नंबरची पहिली सापडली ती ओळ उचलली, आणि पहिल्या सगळ्या पेठच्या.

यंत्र याला चूक म्हणून दाखवत नाही. ते मुकाट्याने चालतं. जोवर फक्त पेठचं शिबिर होतं तोवर सगळं अचूक होतं, हरसूल ऑक्टोबरात आलं.

आणि कार्ड बघून कुणाला शंका का आली नाही, तेही सापडलं. कार्डावर शिबिराचं नाव छापायचं होतं म्हणून तेच 'शिबिर' मी फंक्शनमधून बाहेरही दिलं. आत जे गेलं तेच बाहेर आलं, सापडलेल्या ओळीकडे न बघता. म्हणून कार्डावर हरसूल छापलं आणि रंग पेठच्या माणसाचा.

आत येणाऱ्या प्रत्येक नावाआधी एक अक्षर लावायचं, म्हणजे रकान्याशी गल्लत होत नाही. हा नियम या ऑफिसात मीच आणला. छायाला येतो, तीन महिने शिकायला आलेल्या मुलांना येतो. त्याच फंक्शनमध्ये अनुक्रमांकाआधी मी अक्षर लावलंय. शिबिराआधी नाही.

फाईलवर तारीख ५ सप्टेंबर आहे, म्हणजे कोर्टाच्या दुसऱ्या दिवशीची. त्याचा काही संबंध नाही. त्या दिवशी मी अगदी व्यवस्थित होते. डबासुद्धा पूर्ण खाल्ला, गवारीची भाजी होती.

६ डिसेंबर

दुरुस्त केलं. एक अक्षर.

मग जुनी छापलेली कार्डं आणि खरे निकाल शेजारी ठेवून यादी काढली. पेठला चारशे बारा माणसं. हरसूलच्या पहिल्या चारशे बारांना त्यांचे रंग गेले. बहुतेक दोन्हीकडे पांढरीच, म्हणून फरक पडला नाही. एकशे तीन कार्डं मात्र चुकली. अकरा लाल माणसांच्या हातात पांढरं किंवा पिवळं कार्ड आहे. ती यादी लगेच डॉक्टरबाईंना पाठवली, खाली लिहिलं, "तपासून घ्यावे". कारण लिहिलं नाही.

सदतीस नंबरची ओळ दोनदा वाचली. हरसूल, ३७, आशा मंगळू भोये, वय वीस. पांढरं. तिला जे पिवळं गेलं ते पेठच्या सदतीस नंबरचं, पुतळाबाई, वय बासष्ट.

हिला मी "सुटली" म्हटलं होतं.

काही वाटलं का, तर नाही. हात थंड पडले होते, पण डिसेंबर आहे. घरी आले, आई म्हणाली मटार सोलायला बस. किलोभर सोलले.

७ डिसेंबर

ज्ञानेश सरांना सांगितलं. खरं सांगायचं तर काल विचार आला होता, नवीन कार्डं गुपचूप छापून द्यावी, कोण विचारतंय. दिवसभर तो विचार मांडीवर घेऊन बसले होते. मग सकाळी छाया आली, तिला सॉरी म्हटलं, ती म्हणाली, "अहो मॅडम, मला तर रात्रभर वाटत होतं माझंच चुकलं असेल." त्यानंतर सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी यादी मागून घेतली. मग डॉक्टरबाईंना फोन, स्पीकरवर. बाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अकरा जणांची औषधं आज सुरू करते. बाकीची कार्डं हळूच बदला. लोक एकदा म्हणाले ना की कार्ड खोटं, तर पुढच्या वर्षी कुणी बोट पुढे करणार नाही. तीन वर्षं घालवली आहेत मी त्यांना तयार करण्यात." त्यांचं चूक नाही. सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. 'नूतनीकरण' म्हणू. जुनं द्या, नवं घ्या. जुनं प्रत्येक कार्ड परत आलंच पाहिजे, बाहेर एकही राहायला नको."

मी विचारलं, आणि आशा? सर म्हणाले, "कोण आशा?"

११ डिसेंबर

हिरामण नवी कार्डं न्यायला आला. त्याला सरांनी नूतनीकरणच सांगितलं होतं. त्याने गठ्ठा चाळला, वरूनच आशाचं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे पांढरं कसं झालं?"

सांगितलं. सगळं नाही, इतकंच की चूक मशीनमध्ये होती आणि मशीनमध्ये मी घातली होती. तो खुर्चीत बसला. माझ्यासमोर तो पहिल्यांदाच न विचारता बसला.

"मॅडम, तिचं दुसरीकडं जमवलंय. सुरगाण्याकडचा बिजवर हाय, दोन पोरं हायेत त्याला. पिवळीला कोण करणार म्हणून मंगळूदादा तयार झाला. येत्या रविवारी सुपारी." मग म्हणाला, "मी नेऊन देईन हो कार्ड. पण माझं ऐकून काय होणार? ते म्हणतील, हिरामणनं पोरीसाठी कार्ड बदलून आणलं. ज्यानं केलं त्यानं यायला पायजे. हितं बसून उंटावरून शेळ्या हाकून जमायचं नाय."

खरं बोलला. म्हटलं, येते.

१४ डिसेंबर

रजा टाकली. जुन्या सीबीएस स्टँडवरून सकाळची हरसूलची एसटी. आज तिथे बाजार होता. हिरामण स्टँडवर उभा होता.

आशा आईबरोबर बाजारात बसली होती, पुढ्यात खुरासणीच्या तेलबियांची टोपली. सावळी, बारीक, नाकात चमकी. हिरामणने ओळख करून दिली. मी खाली बसले आणि हळू आवाजात सांगितलं की तुझं कार्ड चुकलं होतं, तुझं पांढरं आहे, तुला काहीही नाही, आणि ही चूक माझी आहे. नवं कार्ड पुढे केलं.

तिची आई, सुलाबाई, तोंडावर पदर धरून रडायला लागली. आशा नाही रडली. कार्ड हातात घेतलं नाही.

"मला कशापायी सांगता हळूहळू?" म्हणाली. "ताटात कार्ड ठेवलं तव्हा चाळीस माणसं बसली होती. बाया उठून गेल्या माझ्याजवळून. त्यांना सांगा."

म्हटलं, कसं सांगू? मला वाटलं ती म्हणेल घरोघर जा. तिने हिरामणकडे बघितलं. हिरामण ब्लँकेटं विकणाऱ्याच्या जीपकडे गेला, त्याच्याशी काहीतरी बोलला आणि माईक घेऊन आला. "दोनशे, दोनशे" ओरडणं थांबलं. सगळा बाजार आमच्याकडे बघायला लागला.

मी काय बोलले ते जसं आठवतं तसं लिहिते. "मी सरिता. नाशिकहून आले. तुमच्या शिबिराची एकशे तीन कार्डं चुकीच्या रंगाची छापली. तुमचं रक्त बरोबर तपासलं होतं. सुई टोचणाऱ्याची चूक नाही, लिहिणारीची नाही. कार्ड छापायचं काम मी केलं, माझं चुकलं. ज्याचं त्याचं खरं कार्ड हिरामणकडे आहे, ज्याचं त्याने घ्या. नावं मी इथे वाचणार नाही."

मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी परत टोचणार का?" म्हटलं नाही बाबा. मागून एक बाई म्हणाली, "हिच्या हातात लेकरं देऊ नका गं!" आणि लोक हसले. हसले तेव्हा मी जीपला धरून उभी होते. दोघांनी तिथल्या तिथे कार्ड फाडून फेकलं. डॉक्टरबाईंची भीती खोटी नव्हती.

मग आशा आली. माझ्या हातातून माईक घेतला. "मंगळूची आशा बोलते. माझं पांढरं हाय." एवढंच बोलली आणि खुरासणीपाशी जाऊन बसली. कार्ड मात्र आता घेतलं. तिचा बाप तांदळाच्या पोत्याआड उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि सुरगाण्याला निरोप पाठवायला माणूस शोधायला गेला.

१५ डिसेंबर

सर बोलत नाहीत. डॉक्टरबाईंचा फोन आला, "निदान मला विचारायचं तरी!" म्हटलं, तुम्ही नाही म्हणाला असता. "हो, म्हणाले असते," म्हणाल्या. मग म्हणाल्या, सहादूचा मुलगा काल रात्री रडला नाही, झोपला.

काम राहील की जाईल ते माहीत नाही. जुनी कार्डं गोळा करून यादी द्यायची, तोपर्यंत ठेवलंय. आईला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं, लग्न टिकलं नाही, नोकरीचं काय." तिला चांगलंच म्हणायचं होतं.

२१ डिसेंबर

पुन्हा हरसूल, पुन्हा बाजार. जुनी कार्डं हिरामणने बरीचशी गोळा केली होती. फाडलेलीसुद्धा तुकड्यांसकट. राहिलेली मी पाड्यांवर फिरून घेतली. शेवटी एक उरलं, आशाचं.

ती घरीच होती, अंगणात नागली पाखडत. मला बघून पाट टाकला, गूळपाणी दिलं. मी विचारलं, मनोजला कळलं का?

"काल आला होता. काकाला घेऊन. विंचूरला कांद्याच्या खळ्यावर होता, तिथं कळलं म्हणे. म्हणाला, पांढरं निघालं, आता काय अडचण नाय. पौष सरला की उरकू."

"मग?"

"मग काय! म्हटलं, कार्ड बदललं, तू तोच हाय."

मला वाटलं मी बरोबर ऐकलं नाही. म्हटलं, अगं, पण त्याची काय चूक? त्याला तर माझ्या कार्डानेच...

"लग्न नको म्हणाला, ते ठीक. पुढच्या पोराचा इचार केला, चांगलं केलं. मी पण तेच केलं असतं." सूप खाली ठेवलं तिने. "पण ताई, एक दिवस येऊन बसला नाय. दोन वरीस बोलत होतो. आपलं नशीब असं निघालं, एवढं म्हणायला सुद्धा आला नाय. हिरामणदादाकडून निरोप पाठवला. मी अंगाला काय लागल्यावानी एकटी बसून राहिले. तुमच्या चुकीनं लग्न मोडलं, खरं हाय. पण तुमच्या चुकीनं मला माणूस दिसला."

सुलाबाई आतून ओरडली, "ऐका हिचं! घोडं दारात आलं आन् ही हाकलतीय!" आशा हसली. मग अचानक मला विचारलं, "तुमचं लगीन झालंय?"

"झालं होतं. मोडलं."

"कुणाच्या चुकीनं?"

मी म्हटलं, "कुणाच्याच नाही. कागद सगळे बरोबर होते. दोघांच्या सह्या. न्यायाधीशांनी विचारलं, दोघंही हो म्हणालो. दहा मिनिटं लागली."

"लय रडला असाल."

"नाही."

"का बरं?"

खोटं बोलावंसं वाटलं नाही तिच्याशी. म्हटलं, "मी लग्नाच्या सहा वर्षांत मागे जाऊन जाऊन बघतेय, कुठली ओळ चुकली. मला वाटत होतं, ती सापडली की मग रडायचं. सापडतच नाही."

ती माझ्याजवळ सरकली. माझा हात धरला. तिचा तळवा नागलीच्या कोंड्याने खरखरीत होता. मी तिथे रडले नाही. पण एसटी गिरणारे गावाच्या पुढे आली आणि सुरू झालं, थांबेचना. शेजारची बाई सरकून बसली, कंडक्टरने तिकीट मागितलंच नाही. मला तो, माझा नवरा, आवडायचा. हे मी कुणालाच सांगितलं नाही, त्यालासुद्धा नाही. मला तो फार आवडायचा, आणि मी सही केली.

कार्डाचं लिहायचं राहिलं. निघताना मी म्हटलं, आशा, तुझं जुनं पिवळं कार्ड दे, जमा करायचंय. तिने आतून दोन्ही आणली, पांढरं आणि पिवळं, आणि दोन्ही परत कमरेच्या पिशवीत ठेवली.

"पांढरं ठेवते, माझं हाय. पिवळं पण ठेवते. पुढचा कुणी आला ना, त्याला आधी पिवळं दाखवीन. बसला तर मग पांढरं काढीन."

२२ डिसेंबर

डोळे सुजलेत. आईने बघितलं, चहात आलं जास्त घातलं. पिऊन ऑफिसला गेले आणि सरांना यादी दिली.

हरसूल. चुकीची कार्डं, एकशे तीन. जमा, एकशे दोन. अनुक्रमांक सदतीस, गहाळ.

सर म्हणाले, पुन्हा एकदा नीट शोध. म्हटलं, शोधलं, सापडणार नाही.